अळणी ताट

सातवा महिना लागला आणि माझ्या पायांवर सूज आली. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. थोरल्या जाऊबाई अशाच सुजून, झटके येऊन गेल्या होत्या. घरात त्यांचा विषय कुणी काढत नसे. मीही सूज लुगड्याच्या काठाखाली झाकून ठेवली. इस्लामपूरजवळच्या त्या शेतकरी घरात मी नवी होते, आणि इंग्रजी शाळेतली म्हणून आधीच वेगळी.

लढाई संपल्यावर फौजेतून घरी आलेल्या ह्यांनी मला चपलेत पाय कोंबताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपली. दवाखान्यात सुनांबरोबर सासवा आत जात, नवरे बाहेर लिंबाखाली विड्या ओढत. हे सरळ आत आले. बाकावरच्या बायकांनी पदर पुढे ओढले. डॉक्टरीणबाईंनी विचारलेलं सगळं ह्यांनीच सांगितलं. मी भिंतीकडे पाहत होते. बाई म्हणाल्या, मीठ बंद, आणि पुन्हा दाखवायला या.

सासूबाईंच्या लेखी अळणी खायचं ते सुतकात. दोन जिवांच्या बाईला त्या तसलं वाढणं शक्य नव्हतं. हे घरी आले आणि चुलीपाशी जाऊन म्हणाले, "आई, फौजेतल्या डाक्टरनं मला मीठ तोडलंय. माझं कालवण अळणी कर."

"आज आठवलं व्हय रं तुला?" सासूबाई म्हणाल्या. पण केलं.

नवऱ्याच्या ताटात बायकोनं मागून जेवायचं, ही घरची रीत. हे चार घास खाऊन उठत. उरलेलं कालवण आणि भाकरी माझी. आम्ही दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही.

सूज उतरू लागली. मग एका दुपारी मळ्यातला गडी सासूबाईंना हसत सांगून गेला, की मालक रोज गड्यांच्या फडक्यातली ठेचा-भाकरी खात्यात.

सांजेला सासूबाईंनी दोन ताटं मांडली.

"ह्ये तुझं, मिठाचं," त्या ह्यांना म्हणाल्या. "ह्ये तिचं, अळणी. थोरलीच्या येळंला मला कुणी सांगितलं असतं तर..." त्या चुलीकडे वळल्या.

पुढच्या तपासणीला त्याही गाडीत बसल्या. दारापाशी मात्र थांबल्या. "तू जा आत," ह्यांना म्हणाल्या. "तुला समदं ठावं हाय."

बाईंनी पायावर बोट दाबलं. खळगा पडला आणि लगेच भरून आला. हे माझ्याआधी हसले.