दुप्पट व्याज देणारं सरकार

परदेशातलं एक सरकार आपल्या सरकारच्या दुप्पट व्याज देतंय, हे पेपरात वाचून मी त्याला दिलदार ठरवलं. मुलीच्या कॉलेजसाठीची रोह्याच्या बँकेतली मुदत ठेव मोडून त्या देशाच्या रोख्यांच्या फंडात घालायची, असं जाहीरही केलं. "सरकार कधी बुडतं का?"

बायको जोहे गावातल्या गणपतीच्या मूर्तिकाराची मुलगी. म्हणाली, "उधारीवर गणपती मागताना जो व्यापारी दुप्पट भाव बोलायचा, त्याला आमचे बाबा मूर्ती देत नसत. बाकीच्यांनी हाकलल्याशिवाय कोण एवढं देतो?"

मला पटलं नाही, पण ठेवीची पावतीच सापडेना. पुढे त्या सरकारनं व्याज देणं थांबवलं. मी ऐटीत म्हणालो, "बघ, मी घाई केली नाही."

"व्हय," ती म्हणाली, "पावती चार महिने माझ्या माहेरच्या कपाटात होती."