आंधळ्या वाल्देमसची जीभ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — आमच्या ह्यांनाही नाही, आणि ह्यांना तर मी शेजारणीच्या भांडणापर्यंत सगळं सांगायचे.

सत्तरच्या दशकात मी वर्ध्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स — आणि अक्कल? ती बहुतेक नागपूरच्या बसमध्येच राहिली होती. विषय मध्ययुगीन युरोप: मठांत बसून लॅटिनमध्ये बखरी लिहिणारे ख्रिस्ती साधू. लॅटिनचं मला अक्षर येत नव्हतं. एकदा तयारी नव्हती, तास तर भरायचा होता — मी एक साधूच रचला. आंधळा वाल्देमस! तो राजांचा इतिहास तोंडी सांगायचा, शिष्य लिहून घ्यायचे. खोटं सांगायला लागला की त्याची जीभ अडखळायची. वर्ग गप्प. बाई खूश.

कुसुम नालवाडीहून सायकलने यायची. घरची भाजीची वाडी. त्या तासानंतर माझ्या मागे आली. "मॅडम, त्या आंधळ्या बाबाचं पुस्तक मले कुठी भेटन?"

"नागपूरला," मी म्हणाले. तेव्हाच खरं सांगता आलं असतं — नाही का?

एम.ए.च्या तोंडी परीक्षेला आत जाताना ती म्हणाली, "घरी माहे बाबा म्हनते, पास झाली त नोकरी कर, नाई त यंदा लगन." मी हसून पाठ थोपटली.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, या बखरकारांवर विश्वास का ठेवायचा? तिने वाल्देमस सांगितला — किती मनापासून! परीक्षक हसत सुटले. "हा कोण बुवा? कुणी शिकवला?"

कॉलेजची परीक्षक म्हणून मी शेजारच्याच खुर्चीत. तिने माझ्याकडे पाहिलं.

"हे नाव मी आजच ऐकते आहे," मी म्हणाले.

जीभ अडखळली? छे. लोण्यातून सुरी फिरावी तशी चालली.

"माह्यंच चुकलं असन, सर," कुसुम म्हणाली.

ती नापास झाली. उन्हाळ्यात लग्न ठरलं. पत्रिका द्यायला घरी आली, चहा घेतला, परीक्षेच्या त्या खोलीबद्दल अवाक्षर काढलं नाही. दारातून वळून म्हणाली, "मॅडम, नक्की येजा." मी — मी गेलेही नाही.

ते बखरकार बखरीच्या शेवटी लिहायचे, 'वाचकहो, या पाप्यासाठी प्रार्थना करा.' तेही मी वर्गात शिकवलं होतं, आणि ते मात्र खरं होतं.

मी ती ओळ लिहीत नाही.