चिवराला नमस्कार

कडूबा मिशी उतरवणार, ही बातमी मुकुंदवाडीत नळाच्या पाण्याआधी पोहोचली. आणि मिशी तरी कसली! गुलमंडीच्या कापडदुकानात कडूबा गादीवर गुडघे टेकून साडीचा पदर हवेत फेकायचा, तेव्हा गिऱ्हाईक आधी मिशी बघायचं आणि मग साडी. लग्नात नवरा कसा दिसत होता, असं कुणी विचारलं की त्याची बायको दगडाबाई म्हणायची, मिशीमागं कुणीतरी होतं खरं.

अशा माणसानं जाहीर केलं की आपण दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला बसणार. म्हणजे डोकं, दाढी, मिशी भादरून भिक्खूचं चिवर नेसायचं, दुपारनंतर घास घ्यायचा नाही, आणि सकाळी भिक्षापात्र धरून, नजर खाली ठेवून भंतेजींच्या मागं चालायचं. बौद्ध घरांतले पुष्कळ गडी आयुष्यात एकदा हे करतात, आणि पुष्कळ जण मनापासून करतात. विहारातल्या बायका म्हणाल्या, दगडाबाई, नशीबवान आहात. दगडाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. नवऱ्याच्या अंगात धम्म किती मुरलाय, ते तिला ठाऊक होतं. पावसाळ्यात, वर्षावासाच्या महिन्यांत, विहारात रोज ग्रंथवाचन चाले. तेव्हा हा मागच्या भिंतीला टेकून घोरायचा, आणि शेवटी ‘साधु, साधु, साधु’ म्हणायची वेळ आली की दचकून उठून सगळ्यांत मोठा आवाज ह्याचाच.

खरं कारण शेजारच्या दारात होतं. तिथं कडूबाचा थोरला भाऊ पुंजाराम राहायचा. धम्मदीक्षेनंतर त्यांच्या बापानं फुलंब्रीकडच्या गावात घरातले देव विहिरीत सोडले आणि दोन पोरं घेऊन शहर गाठलं. पोरं एका ताटात जेवून मोठी झाली. पुढं वस्तीतल्या विहाराला फरशी बसली, दारात संगमरवरी शिळा लागली आणि तिच्यावर पुंजारामाचं नाव वर, कडूबाचं खाली कोरलं गेलं. कडूबा म्हणाला, सिमेंटची पोती मी वाहिली. वाहिली होती, रिक्षातून. पुंजाराम म्हणाला, लहान आहेस, लहानासारखा राहा. झालं. सगळं अनित्य आहे हे दर पौर्णिमेला मांडी घालून ऐकणारे दोघे भाऊ, पण दगडावरच्या एका ओळीपायी त्यांनी दोन उन्हाळे अबोला धरला.

दगडाबाईचा जीव त्यात अडकला होता. ती आजारानं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तिच्या लेकीला थोरल्या जावेनं, द्वारकाबाईनं, पोटाशी धरून वाढवलं होतं. आता लेकीचं लग्न ठरलं होतं, आणि तिनं सांगून ठेवलं होतं की मोठे बाबा, म्हणजे पुंजाराम, येणार नसतील तर मंडपच घालू नका.

कडूबानं त्यावर काढलेला तोडगा हा असा होता. श्रामणेरापुढं सगळ्यांनी वाकायचं असतं, मग वाकणारा थोरला भाऊ का असेना. श्रामणेरानं मात्र संसारी माणसापुढं वाकायचं नसतं. एकदा दादाचं डोकं जमिनीला टेकलं, की लग्नाचं आमंत्रण आपण मोठ्या मनानं देऊ, असं तो जेवताना म्हणाला.

दगडाबाईनं त्याच्या ताटात कालवण वाढलं. “बुद्धाला राज्य सोडून जे सापडलं, ते तुम्हाला भावाच्या टाळक्यात दिसतंय व्हय?”

कडूबाला टोमणा कळला नाही. कळायला तो त्या वेळी घरात कुठं होता? तो तर मनानं रंगमंचावर उभा होता, पडदा वर जायची वाट बघत.

शहराबाहेरच्या लेण्यांच्या पायथ्याशी शिबिर भरलं. न्हाव्यानं मिशीवर वस्तरा फिरवला तेव्हा ह्यानं डोळे मिटून घेतले. बायकांना वाटलं, ध्यान लागलं. चिवर हातात पडताच त्यानं आधी ते बोटांत चुरगाळलं आणि शेजारच्याला हळूच सांगितलं, टेरिकॉट आहे, रंग टिकायचा नाही.

आणि एका सकाळी भिक्षेची रांग मुकुंदवाडीत आली. दारोदारी पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. सगळ्या श्रामणेरांच्या नजरा रस्त्यावर, कडूबाची मात्र पुंजारामाच्या दारावर. पहिल्या रांगेत कोण बसलंय ते विंगेतून बघणाऱ्या हौशी नटासारखी.

पुंजाराम धुतलेला सदरा घालून बाहेर आला. त्यानं पात्रात गरम खिचडी वाढली आणि पंचांग प्रणामाला गुडघे टेकले. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा खाली गेला तो वर येईना. त्याचे गुडघे केव्हाचे कामातून गेले होते. कडूबा समोर पात्र धरून खांबासारखा उभा. दोन उन्हाळे ज्याची वाट पाहिली, ते डोकं पायाशी होतं, आणि आता त्याचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी दगडाबाई पदर सावरत धावली. एरवी भासऱ्यासमोर मान वर न करणारी ती बाई. तिनं त्याला दंडाला धरून उठवलं.

पुंजारामानं गुडघ्यांची माती झटकली. त्याचा आवाज चढला नाही. “हा नमस्कार चिवराला होता, कडू. चिवर उतरलं की घरी ये. मग बघू थोरला कोण.”

कडूबानं ती खिचडी शेजारच्या श्रामणेराच्या पात्रात लोटली. शिबिर संपत आलं तसं त्याला एकाएकी वैराग्य आलं. त्यानं भंतेजींना गाठून विनवलं की आपल्याला आणखी काही दिवस, जमल्यास वर्षभर, चिवरातच राहू द्या. संसारात आता रस उरला नाही. म्हाताऱ्या भंतेजींनी सगळं ऐकून घेतलं. भिक्षेच्या रांगेत ते दहा पावलं पुढं होते, बहिरे नव्हते.

“भावाला भिऊन लपायचं असेल तर गोधडी घे,” ते म्हणाले. “त्याला चिवर पुरत नाही.”

कडूबा पिशवी घेऊन घरी आला, तर दगडाबाई दारात आडवी उभी.

“आधी तिकडं.”

“मिशी तरी येऊ दे.”

“मिशीसाठी लग्नाची तारीख पुढं ढकलायची नाय,” असं म्हणून तिनं दार लावलं आणि खिडकीला डोळा लावला.

कडूबा शेजारच्या उंबऱ्यापाशी घुटमळला. भाव न पटलेल्या गिऱ्हाइकागत एकदा मागं वळलाही. मग आत गेला आणि बाजेवर बसलेल्या भावाच्या पायांवर डोकं ठेवलं. पुंजारामानं हनुवटीला धरून त्याचं तोंड उजेडाकडं वळवलं. बराच वेळ बघत राहिला.

“द्वारके, बाहेर ये. ह्याचा ओठ बघ. आपली माय हाय ही.”

कडूबा रडला. नाटक नव्हतं ते. नाटकच करायचं असतं, तर त्यानं आधी चार माणसं गोळा केली असती. खिडकीतून दगडाबाईनंही पदर डोळ्यांना लावला, आणि मग स्वतःवरच चिडून चूल पेटवायला गेली.

लग्नाला पुंजाराम मंडपाच्या दारात सगळ्यांच्या पुढं उभा होता. शिळेवर त्याचंच नाव वर होतं, आजही आहे. कडूबाची मिशी निम्मी आली होती आणि तिला तेलही लागलं होतं. जेवणाच्या पंगतीत तो व्याह्यांना सांगत होता, की चिवराचं तेज असं असतं, आमचे दादा कसे विरघळले बघा. दगडाबाई वरणाची बादली घेऊन मागून आली आणि ह्याच्या भातावर दोन पळ्या उपड्या केल्या.

“ऊन हाय,” ती म्हणाली. “गप गिळा.”