बुवाचा तिसरा मजला

लालबाग, परळ, भोईवाडा आणि आसपासच्या तमाम रहिवाशांना या लेखाद्वारे जाहीरपणे कळवण्यात येतं की, माझ्या वडिलांच्या उजव्या पायाचा अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतल्या कोणत्याही कुत्र्याशी काडीचाही संबंध नव्हता, आज नाही आणि पुढेही असणार नाही. कुणाचा तसा समज झाला असल्यास त्याने तो ताबडतोब दूर करावा. हा समज भर सभागृहात, माईक हातात घेऊन, हसत हसत ज्याने पसरवला, तो माझा मित्र होता. त्याला आम्ही बुवा म्हणायचो.

बुवा देवभक्त वगैरे नव्हता. तो गिटार वाजवायचा. पण तालमीला बसला की आधी गिटार मांडीवर आडवी ठेवायचा, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायचा आणि कीर्तनकाराने आख्यान लावावं तशी गोष्ट लावायचा. गोष्ट संपल्याशिवाय तारेला हात नाही. मी पहिल्याच दिवशी त्याला बुवा म्हटलं आणि ते नाव त्याला इतकं बसलं की त्याच्या बायकोच्या फोनमध्येही तो बुवाच होता.

आमच्या बँडचं नाव होतं ‘लिफ्ट बंद आहे’. हे नाव का, असं विचारणाऱ्याने मुंबईत जिने चढलेले नाहीत असं समजावं. बँडमध्ये आम्ही तिघं. बुवा, बेस गिटारवर गिरगावचे देसाई आणि ड्रमवर मी. देसाई बँकेत अधिकारी. बेस वाजवतानासुद्धा ते चेकवर सही केल्यासारखा चेहरा ठेवत, म्हणून आम्ही त्यांना साहेब म्हणत असू. आम्ही जे वाजवायचो त्याला पोस्ट-रॉक म्हणतात. त्यात शब्द नसतात. सुरुवात कानाशी डास आल्यासारखी होते आणि शेवट विसर्जनाच्या मिरवणुकीसारखा. मध्ये दहा-बारा मिनिटं जातात. पोस्ट-रॉक म्हणजे नेमकं काय, असं माझ्या आईने एकदा बुवाला विचारलं. तो म्हणाला, “रॉक संपल्यावर जे उरतं ना मावशी, ते.” आई तिच्या मालवणीत म्हणाली, “म्हणजे उष्टा.” बुवाने वाकून तिच्या पाया पडून घेतलं. पुढे कित्येक महिने तो आमच्या संगीताची ओळख अशीच करून द्यायचा.

मी त्याला सापडलो भोईवाड्यात, एका हळदीला. मी तेव्हा बँजो पार्टीत ड्रम वाजवायचो. लहानपणी चाळीच्या भजनात मृदंगाला बसायचो, मोठा झाल्यावर रस्त्यावर आलो, एवढीच माझी सांगीतिक वाटचाल. त्या दिवशी गाणं संपलं, सगळे थांबले, आणि माझ्या हातून एक अर्धवट ठोका उगाच पडला. चूकच ती. नवरदेवाच्या मामाने माझ्याकडे असं पाहिलं की मी काठ्या लपवल्या. तेवढ्यात गर्दीतून हा चष्मेवाला पुढे आला आणि म्हणाला, “सगळे थांबल्यावर तुम्ही जे मारलंत, ते मला हवंय.” चूक विकत मागणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. भुललो.

तालमीची खोली लालबागला, मसाल्याच्या डंकावर. खाली मिरची कांडली जायची आणि वर आम्ही कला करायचो. साहेबांना मिरचीचा भारी त्रास. आमच्या एका ध्वनिमुद्रणात ऐन हळव्या जागी साहेबांची शिंक आहे. साहेब म्हणाले, पुन्हा घेऊ. बुवाने ठाम नकार दिला आणि त्या रचनेचं नावच ‘मार्च-एप्रिल’ ठेवलं, कारण तो मिरचीचा हंगाम. परदेशातल्या कुणी श्रोत्याने त्या जागेबद्दल लिहिलं की, इथे जणू एक जुनं दुःख फुटून बाहेर येतं. बुवाने ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. साहेब पुढे आठवडाभर गंभीर होते.

पण बुवाचं खरं वाद्य गिटार नव्हतं, कान होते. असा ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तो दोन कटिंग चहा मागवायचा, डोळे मिटायचा आणि मध्ये एक शब्द बोलायचा नाही. समोरचा आपला बोलत सुटायचा. मी बायकोला सांगितलं नाही ते त्याला सांगितलं. बाबांच्या पायाचंही तसंच सांगितलं.

माझे बाबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. तिथे एकदा उजवा पाय जायबंदी झाला तो कायमचाच. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि जिना लाकडी. बाबा चढायला लागले की तळापासून ऐकू यायचं. एक पाऊल लांब, एक तुटकं, मग कठड्याला धरून क्षणभर थांबणं. पहिल्या मजल्यावर पाऊल वाजलं की आई चहाचं आधण ठेवायची. दुसऱ्यावर आलं की साखर टाकायची. तिसऱ्यावर बाबा दारात आणि कप हातात. घड्याळ बघून हे कधी झालं नाही, जिना ऐकूनच झालं. बाबा गेल्यावर कितीतरी दिवस आई संध्याकाळी स्टोव्हपाशी नुसती उभी राहायची.

हे मी बुवाला सांगितलं. त्याने चष्मा पुसला. पुढच्या तालमीला मी साहेबांच्या आधी पोचलो तर तो एकटाच गिटार घेऊन बसला होता. त्याने मला एक चाल ऐकवली. एक सूर लांब, एक तुटका, मग थांबा. तो म्हणाला, “हे तुझ्या बाबांचं. नाव ‘तिसरा मजला’. पहिल्या मजल्यापर्यंत मी एकटा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तू ये. साहेब तुझ्यामागून. आणि हे कुणाला सांगू नकोस. गोष्ट फुटली की गाणं नासतं.”

हे त्याचं लाडकं वाक्य होतं. दुधाला जपावं तसा तो गोष्टींना जपायला लावायचा. मीही जपलं. साहेबांना सांगितलं नाही, बायकोला नाही, आईलाही नाही. वर्षानुवर्षं आम्ही ‘तिसरा मजला’ वाजवत आलो आणि दर वेळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी इतक्या हलक्या हाताने आत यायचो की काठी टेकल्याचंच ऐकू यावं. बँजो पार्टीतले माझे जुने मित्र एकदा ऐकायला आले होते. ते म्हणाले, काय रे, आजारी आहेस का?

मग काही वर्षांपूर्वी आमचा पहिला अल्बम निघाला. तोच शेवटचाही, पण तेव्हा ते ठाऊक नव्हतं. दादरच्या एका लहान सभागृहात कार्यक्रम ठरला. आयोजक बाईंचं म्हणणं पडलं की गाण्यांना शब्द नाहीत, लोक जांभया देतील, तेव्हा प्रत्येक गाण्याआधी त्यामागची गोष्ट सांगा. मला वाटलं, बुवा उठून जाईल. तो हो म्हणाला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तिसऱ्या मजल्याचं काय सांगणार? तो म्हणाला, “बघशील रे.” आणि असा गोड हसला की माझ्या मनात काही शंकाच उरली नाही.

मी आईला घेऊन गेलो. ती तोवर आमच्या कार्यक्रमाला कधी आली नव्हती, कारण शब्द नाहीत, गाणारं कुणी नाही, मग बघायचं काय, असा तिचा रास्त प्रश्न होता. मी तिला इतकंच म्हटलं की आज चांगलं लुगडं नेस, आज तुझ्यासाठी काहीतरी आहे. तिने मोतिया रंगाचं नेसलं. मी तिला दुसऱ्या रांगेत, मधोमध बसवलं. चारचौघांसमोर, माईकवरून, तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं जाणार होतं. मिलच्या हजेरीनंतर कुणी ते मोठ्याने घेतलं नव्हतं.

‘तिसरा मजला’ची वेळ आली. बुवाने चष्मा पुसला आणि आख्यान लावलं. तो म्हणाला की तो अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढला. तिथे टायगर नावाचा एक कुत्रा होता. टायगरचा मागचा पाय अधू. शेजारच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावर एक मासे खाणारं कुटुंब राहायचं. दर रविवारी टायगर लंगडत, धापा टाकत, तीन मजले चढायचा, आणि दर रविवारी त्या घरातल्या वहिनी त्याला झाडू दाखवून परत पाठवायच्या. हे सगळं त्याने असं रंगवलं, असं लंगडून दाखवलं, की लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. मी आईकडे पाहिलं. तीही पदर तोंडाला लावून हसत होती.

त्यानंतर रंगपटात जे झालं ते थोडक्यात सांगतो. मी फक्त “कुत्रा?” एवढंच विचारलं. बुवा शांतपणे गिटार पुसत म्हणाला, “गोष्ट फोडायची नाही असं ठरलं होतं ना? मी कुठे फोडली? मी कुत्रा फोडला.” यावर मी कदाचित विरघळलोही असतो. पण तेवढ्यात साहेब, जे आयुष्यात कधी आवाज चढवत नाहीत, ते चढ्या आवाजात म्हणाले, “पण ती माझ्या माहीमच्या मावशीची शिलाई मशीन आहे.”

मी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी माझ्याकडे. साहेबांच्या मावशीची तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतली मशीन जुनी होती, चालता चालता टाका सोडायची, आणि त्या मशीनवर तिने साहेबांचं शिक्षण केलं होतं. तेही त्यांनी दोन कटिंगवरच सांगितलं होतं. त्यांनाही चाल एकट्यालाच ऐकवली गेली होती आणि त्यांनाही गोष्ट न फोडण्याची तंबी होती. आम्ही दोघं एका खोलीत, चार हातांच्या अंतरावर, इतकी वर्षं आपापली माणसं वाजवत होतो.

बुवाने मग जे सांगितलं ते मला आजही बोचतं. चाल आधीपासूनच होती, म्हणाला. आम्ही दोघं ती फार जोरात वाजवायचो. “बँजो पार्टीवाल्याला हळू वाजव म्हणून तो हळू वाजवतो का? बाप जिना चढतोय म्हटलं की हात आपोआप हळू पडतो. चुकलं काय माझं?”

म्हणजे माझे बाबा हे आवाज कमी करायचं बटण होतं. बँड त्याच महिन्यात मोडला. बुवा हल्ली बंगळुरात आहे, मोबाईलच्या खेळांना आवाज पुरवतो. सणासुदीला त्याचा मेसेज येतो, मी एक अंगठा पाठवतो. माफ केलेलं नाही, करायचा विचारही नाही. फक्त एवढंच की अजूनही कधी भजनाला बसलो तर गजर सुरू होताना माझा हात हलका पडतो, आणि मंडळी माझ्याकडे वळून बघतात. तेवढं त्याने माझ्या हातात ठेवून दिलंय, ते परत घेता येत नाही.

पण मधलं एक सांगायचं राहिलं. रंगपटाच्या आधीचं.

टायगर झाडू खाऊन परत गेला, टाळ्या थांबल्या, आणि बुवाने चाल सुरू केली. एक सूर लांब, एक तुटका, मग थांबा. तळमजला झाला, पहिला मजला झाला. दुसऱ्या मजल्याचं वळण आलं आणि बुवाने हनुवटीने मला खूण केली. मी काठ्या मांडीवर आडव्या ठेवल्या होत्या. कुत्र्यासाठी मी वाजवणार नव्हतो. साहेब माझ्यामागून येणार, म्हणून तेही थांबलेले. बुवा त्याच वळणावर पुन्हा फिरला, पुन्हा खूण केली. मी त्याच्या डोळ्यात बघत बसून राहिलो. तो पुन्हा तिथेच. लांब, तुटका, थांबा. सभागृहात कुजबुज सुरू झाली. मला खरंच वाटलं, असाच बसून राहीन, होऊ दे त्याचं हसं.

तेव्हा दुसऱ्या रांगेत मोतिया लुगडं उभं राहिलं. तिला कुणीही, कधीही, काहीही सांगितलेलं नव्हतं. ती बुवाकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. मान जरा कलती करून, दाराकडे कान लावावा तशी ती ऐकत होती. आणि मग त्या भरल्या सभागृहात आई ओरडली, “वाजव रे मेल्या, तुझो बापूस जिन्यात उभो रवलो आसा!”