कालवांचा खडक

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही, हे आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तुम्हाला सांगतो, कारण तुमची-माझी ओळख नाही. उद्या नवी पेठेत समोरासमोर आलो तरी तुम्ही तुमच्या वाटेनं जाल, मी माझ्या. की हीसुद्धा एक पळवाटच? असेल. पण सुरुवात तर करतो.

सोलापुरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार येते, जुनी तार काढायची, नवी भरायची. चिंचोळीच्या कारखान्यांतून येतात, अकलूजकडच्या ऊसवाल्यांच्या येतात, आणि शहरातून यंत्रमागांच्या. घर लिंगायतांचं; गळ्यात लिंग आहे, स्वयंपाकघरात अंडंदेखील कधी फुटलेलं नाही. आणि असा मी कोकणात जाऊन समुद्राचे मासे धरतो! हसा, बिनधास्त हसा. मी मासा धरतो, फोटो काढतो आणि पाण्यात परत सोडून देतो. बायकोला हे आजतागायत पटलेलं नाही. ‘खायचं न्हाई तर धरायचं कशाला ओ?’ ती म्हणते. ‘त्या बिचाऱ्याच्या तोंडात खिळा ठोकायचा आन वर म्हणायचं, मी लई दयाळू!’

तिचं खरं आहे. पण तो हिसका एकदा मनगटाला लागला ना, की माणूस कामातून जातो. उन्हाने तापलेल्या खडकावर उभं राहायचं, रॉडने गळ लावलेला लाकडी मासा लांब फेकायचा, पाण्यावर फटाक-फटाक आपटत ओढत आणायचा. तासन्‌तास काही होत नाही. आणि मग एकदम पाणी फुटतं. कोकणात याला गरवणं म्हणतात. आमच्यासारखे हौशी सगळे एकाच माशासाठी झुरत असतात — कोकर. रुंद, चांदीसारखा, आडदांड. तो लागला की तडक खडकाखाली घुसतो आणि दोरी तोडतो.

भरकटलो. अण्णांबद्दल सांगायचंय.

अंबादासअण्णा म्हणजे माझं जुनं गिऱ्हाईक. साखरपेठेकडे त्यांचा टॉवेलचा कारखाना. तिथल्या मागांच्या मोटारी माझ्याकडेच येतात. माझ्यापेक्षा वयानं मोठे, घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी. दुकानातला माझा फोटो बघून एकदा म्हणाले, ‘शिवाप्पा, मला बी न्या की.’ नेलं. रॉड कसा धरायचा, रील कशी सोडायची, सगळं मी शिकवलं. आणि माणसाने पहिल्याच दिवशी माझ्याहून मोठा मासा काढला. दुसऱ्या खेपेलाही काढला. नंतर नंतर मी मोजायचं सोडून दिलं — म्हणजे तोंडाने सोडलं. मनात मोजत होतोच.

त्यांची खरी करामत गाठीत होती. रीलवर बारीक विणलेली दोरी असते, आणि तिच्या टोकाला हातभर जाड नायलॉन जोडतात, कारण माशाच्या दातापाशी बारीक दोरी टिकत नाही. बारीक आणि जाड यांचा सांधा — तिथेच सगळे फसतात. माझा फसायचा. अण्णांचा कधीच नाही. सुताची तुटलेली तार सांधण्यात त्यांचा जन्म गेलेला. मागावर नवीन बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, चढलं की जुन्या तारांना नव्या तारा जोडाव्या लागतात, एकेक करून. ते काम कारखान्याचे मालक असूनही ते स्वतः बसून करत. कामगार हसत. ते म्हणत, ‘ह्ये मला करू द्या रे. ह्यात माजा जीव हाय.’

तर ती शेवटची खेप.

घाट उतरताना गाडी मी चालवत होतो. अण्णांनी उजवा हात पुढे करून मला दाखवला. बोटं किंचित हलत होती. ‘कवा कवा हलतोय,’ ते म्हणाले. ‘घरात कुणाला बोललो न्हाय. तुमी बी बोलू नका.’ मी म्हणालो, नाही बोलणार. हा शब्द मी पाळला, बरं का. पाळलेला शब्द हा एवढाच.

देवगडच्या अलीकडे आम्ही एका घरी उतरायचो. गावाचं नाव सांगत नाही. तिथे अण्णांचं मोठं कौतुक. गाडी थांबली की, ‘अण्णानू, येवा, येवा!’ त्या दिवशी घरात कुणी म्हातारी पाहुणी आलेली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि घरमालकिणीला विचारलं, ‘ह्ये अण्णांचे डायवर काय गो?’ सगळे हसले. अण्णा तर सगळ्यात मोठ्यानं हसले, माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, ‘डायवर न्हवं, मावशी, गुरू हाईत माजे.’ मीही हसलो. तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? काहीच नाही. आणि तरी रात्रभर मी तेच उगाळत पडलो होतो. खोटं कशाला बोलू?

सकाळी खडकावर अण्णा गाठ बांधायला बसले. हात हलत होता, वेळ लागत होता. मी म्हणालो, द्या, मी बांधतो. त्यांनी मान हलवली. पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. मग नायलॉन पायाखाली दाबून दोरी दोन्ही हातांनी ओढून पाहिली, आणि माझ्यापुढे धरली. मीही ओढली. चांगला जोर लावून ओढली. हे लक्षात ठेवा — मी स्वतः ओढून पाहिली होती. ती गाठ पक्की होती.

ऊन चढलं, भरती येऊ लागली. आणि अण्णांना मासा लागला.

रील किंचाळायला लागली. दोरी थांबेचना. अण्णा पाय रोवून मागे कलले, तोंडाने तेलुगूत काहीतरी पुटपुटत होते. आमचा एक ठरलेला नियम होता — एकाला मासा लागला की दुसऱ्याने आपला रॉड खाली ठेवायचा आणि खालच्या खडकावर उतरायचं. त्या खडकाची कड कालवांनी भरलेली. कालवं म्हणजे खडकाला घट्ट चिकटलेले शिंपले. पाय ठेवला तर चप्पल कापतात. त्या कडेला बारीक दोरी टेकली की खेळ खलास. म्हणून खालच्याने हातमोजा घालून दोरी उचलून धरायची, कडेपासून लांब, मासा जवळ येईपर्यंत. बाकी काही करायचं नाही. फक्त हात वर ठेवायचा.

मी उतरलो. दोरी हातावर घेतली. ती माझ्या तळव्यात थरथरत होती, मोज्यातूनसुद्धा कळत होतं खाली काय आहे ते. लाट ओसरली आणि मासा दिसला. पूर्ण दिसला, एका कुशीवर, काळसर पाठ, कपाळ असं उभं. मी इतकी वर्षं ज्याच्यासाठी येत होतो तो हाच. माझ्यापासून दोन हातांवर. आणि मला काय दिसत होतं, सांगू? मला फोटो दिसत होता. अण्णा मासा धरून उभे आहेत आणि फोटो मी काढतोय.

माशाने शेवटचा जोर केला, कडेच्या खाली वळला. वरून अण्णा ओरडले, ‘उचला, शिवाप्पा, उचला!’

मी हात खाली घेतला.

लाट आली नव्हती. पाय घसरला नव्हता. हाताला रग लागली, असं मी पुढे कित्येक महिने स्वतःला सांगून पाहिलं — नव्हती लागली. एका श्वासाचं काम. दोरी कालवांना टेकली, एकदा खरर्र झालं, आणि हात हलका झाला.

तो मासा गेला, तोंडात लाकडी मासा आणि दोन गळ घेऊन, मागे नायलॉन फरफटत. ही माझी भूतदया. पण खरी गोष्ट याच्या पुढची आहे, आणि तीच मला सांगता येत नाहीये.

दोरीचं टोक माझ्या हातात होतं. खडकाने कापलेली दोरी पिंजारते, टोकाला भुसा होतो; ज्याला सुतातलं कळतं त्याला लांबूनही ओळखू येईल. आणि वरून उतरत होता तो माणूस सुतातच जन्मलेला. मी त्यांच्याकडे पाठ केली. पिंजारलेला भाग दातांनी तोडून थुंकला. उरलेलं टोक दातांत धरून पिळलं, चुरगाळलं — सुटलेल्या गाठीतून निघालेली दोरी असते तसं. हे रागाच्या भरात नाही झालं. हे मी शांत डोक्याने केलं. तोंडात खारट चव होती ती अजून आठवते.

आणि वळून म्हणालो, ‘गाठ सुटली, अण्णा.’

ते जवळ आले. टोक हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, डोळ्यांशी नेलं. खूप वेळ पाहत राहिले. मला वाटलं, कळलं. कळू दे, असं वाटत होतं का? नाही. कळू नये हेच वाटत होतं. शेवटी त्यांनी दोरी सोडली आणि आपला उजवा हात समोर धरून त्याच्याकडे बघायला लागले.

‘हात गेला म्हनायचा, शिवाप्पा,’ ते म्हणाले.

तेव्हा सांगता आलं असतं. परतीच्या सगळ्या वाटेवर सांगता आलं असतं. कोल्हापुरात चहाला थांबलो तेव्हा समोरासमोर बसलो होतो. मी त्यांना म्हणालो, होतं असं, मनाला लावून घेऊ नका.

त्यानंतर अण्णा समुद्रावर आले नाहीत. रॉड माझ्या दुकानात आणून दिला, म्हणाले, तुमीच वापरा. मी वापरला. एकदा त्याच रॉडने तांबोशी काढली आणि तिचा फोटो त्यांना पाठवला. त्यांनी लगेच उलट टपाली कौतुक केलं. बीमच्या तारा जोडणंही त्यांनी सोडलं. घरच्यांना हाताचं सांगून टाकलं, तेही हसत, गोष्टीसारखं. कुणीही आलं की सुरू — केवढा मासा, कसा आला, आणि ‘माज्या हातची गाठ सुटली बगा! विचारा की शिवाप्पांना, समोर हुते.’ आणि लोक माझ्याकडे बघतात. मी म्हणतो, हो. लग्नात म्हटलंय, बारशाला म्हटलंय.

गेल्या आठवड्यात त्यांचा मुलगा श्रीनिवास दुकानात आला. डॉक्टरांचं म्हणणं, कंप फार नाही, वाढलेलाही नाही. हात चालता ठेवा, रोजचं काम करू द्या. पण अण्णा तयार नाहीत. दिवसभर पुढच्या खोलीत बसून असतात, जेवणसुद्धा डाव्या हाताने करायला लागलेत. दुसऱ्याच दिवशी नवीन बीम चढवायचं होतं. ‘काका, तुमी एकदा बोला की. तुमचं ऐकत्यात ते,’ तो म्हणाला.

मी गेलो. खरं सांगायचं ठरवून गेलो होतो, असं तुम्ही मानू नका. मलाही नक्की माहीत नाही. अण्णा मला बघून खूश झाले. इकडचं-तिकडचं झालं. श्रीनिवास दारात उभा होता. मग अण्णांनी उजवा हात मांडीवरून उचलला, माझ्यासमोर धरला, आणि विचारलं — चेष्टेत नाही, अगदी हळू आवाजात —

‘शिवाप्पा, त्या दिवशी तुमी सोता ओढून बगितली हुती. मग कशी काय सुटली ओ? लई इचार केला मी. खरं सांगा, माजा हात गाठ धरंल का परत?’

मागून मागांचा आवाज येत होता. मला फक्त चार शब्द बोलायचे होते.

‘राहू द्या, अण्णा,’ मी म्हणालो. ‘वय झालं आता. आराम करा.’

त्यांनी मान डोलावली. मग श्रीनिवासला म्हणाले, ‘बग, शिवाप्पा बी त्येच म्हनत्यात. तारा जोडायला उद्यापास्नं दुसरा मानूस बगून ठिव.’

अण्णांच्या बायकोने चहा आणला होता. मी तो संपवला आणि दुकानात परत आलो.