विहिरीतला नेचा

उन्हाशी इतकं हाडवैर धरलेला माणूस मी आमच्या तळमजल्यावरच्या काकांशिवाय दुसरा पाहिला नाही. सगळी डोंबिवली उजेडाच्या, हवेशीर फ्लॅटसाठी जीव टाकत असताना या गृहस्थांनी मात्र इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधला चार फुटांचा काळोखा बोळ बघून घर घेतलेलं! तिथे त्यांचे नेचे. नेचे म्हणजे फर्न हो, पुष्पगुच्छात फुलांच्या मागे उभी करतात ती झालरीची पानं. "फुलं काय, कुणालाही आवडतात," काका म्हणायचे, "नुसत्या पानांवर प्रेम करायला अक्कल लागते." मला जास्वंदीचं वेड, त्यामुळे टोमणा कुणाला ते कळायचं.

जागा नेच्याला मानवेल की नाही हे ते पापडावरून ठरवायचे. भाजलेला उडदाचा पापड कोपऱ्यात ठेवायचा आणि घड्याळ लावून स्टुलावर बसायचं. दहा मिनिटांत वातड झाला की जागा पास. मग तो पापड स्वतःच खायचे, वर "ओल छान आहे" म्हणायचे. टिटवाळ्याला माझ्या भावाने नवा फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीला मी त्यांना घेऊन गेलेले. भाऊ कौतुकाने गॅलरीतलं ऊन दाखवतोय, आणि हे बाथरूमच्या खिडकीतून डक्टमध्ये डोकं घालून, "अहाहा, काय अंधार आहे!" वहिनी कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

बोळात एक कुंडी मात्र सगळ्यांपासून वेगळी, जपून ठेवलेली. काकूंच्या माहेरच्या, कोकणातल्या विहिरीच्या कडेचा नेचा. लग्नानंतर काकूंनी तो ओल्या रुमालात गुंडाळून आणलेला. पुढे काकू गेल्या आणि रस्ता रुंद करताना विहीरही बुजवली. म्हणजे राहिला तो एवढाच. एरवी अंगावरचा शर्ट काढून देणारा हा माणूस, त्या नेच्याचा तुकडा कुणी मागितला की ऐकूच न आल्यासारखं करायचा.

गेल्या मे महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी काका ठाण्याला, खोपटला लेकीकडे गेले आणि किल्ली माझ्याकडे आली. "पाणी घाल. बाकी काही करू नकोस," एवढंच बजावलं. पण माझे हात कुठले गप्प बसतायत! गच्चीत माझ्या कुरडया वाळत होत्या. म्हटलं, त्या बिचाऱ्या कुंडीनेही जन्मात एकदा सूर्य बघावा. आमच्याकडे लोणच्याची बरणी, गाद्या, न्हालेलं बाळ, सगळ्यांना ऊन दाखवायची पद्धत. नेली वर, ठेवली कुरडयांशेजारी. संध्याकाळी बघते तर कुरडया कडकडीत, आणि नेचाही. हात लावला तर पानांचा भुगा. मी तिथेच रडले.

काका आले ते काळ्या चष्म्यात. "काय सुंदर चष्मा दिलाय गं, बघावं तिथे सावली!" मला हसूही येईना. कुंडी पुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. काकांनी खाली बसून नखाने माती उकरली, आत बोट घातलं आणि बराच वेळ तसेच राहिले. मग म्हणाले, "वरचं गेलंय. कंद ओला लागतोय. बघू."

त्या "बघू"ने माझी झोप उडाली. रोज सकाळी आम्ही दोघं कुंडीशी उभे. तीन आठवडे नुसती माती. आणि एका सकाळी तीतून तपकिरी, केसाळ, गुंडाळलेला आकडा वर आला! मी चक्क किंचाळले. काकांनी चष्मा काढून डोळे पुसले, डॉक्टरांनी नको सांगितलेलं असूनही.

पाच-सहा पानं धरल्यावर काकांनी स्वतःच कंदाचे दोन भाग केले आणि एक माझ्या हातात दिला.

"अहो काका, मला? मीच तर जाळला!"

"इतकी वर्षं एकाच घरात कोंडून ठेवला, ही चूक माझी. तिला नसतं आवडलं."

दिवाळीनंतर लेक त्यांना कायमचं खोपटला घेऊन गेली. अकरावा मजला, दिवसभर लख्ख ऊन. स्वतःची कुंडीही ते माझ्याकडेच ठेवून गेले. तिथे ती जगायची नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. रविवारी फोन येतो, "नवा आकडा आला का गं?"

"आलाय. या ना बघायला."

"येतो की," म्हणतात. पण फोन ते ठेवत नाहीत, आणि मीही नाही.