मंगळवारची डिलिव्हरी

टाचणीकाकूंकडे शिवायला टाकलेला कपडा सांगितल्या तारखेला मिळाला, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस अजून भेटायचा आहे. तारीख मात्र त्या पावतीवर न चुकता घालत. पावतीशिवाय त्यांच्या दुकानातून चिंधीसुद्धा हलत नसे.

या काकू बासष्टाव्या वर्षी भाचीबरोबर अंड्यांच्या कारखान्यात शिरल्या. झालं असं की, एका कोंबडीच्या वाट्याला पिंजऱ्यात किती जागा येते ते भाचीने सांगितलं, आणि काकूंनी ते माप खडूने कापडावर आखलं.

"अगं, यात ब्लाउजची एक बाही निघायची नाही!"

भाची कोंबड्या सोडवणाऱ्या मंडळींपैकी, आणि या मंडळींचे नियम कडक. दिवसाढवळ्या जायचं, तोंड झाकायचं नाही, कुणाला धक्का लावायचा नाही, आजारी तेवढी कोंबडी उचलायची आणि पोलीस येईपर्यंत तिथेच बसायचं. काकूंनी सगळे नियम पाळले, वर स्वतःची सवयही पाळली. पाय मोडलेली एक कोंबडी उचलली आणि पिंजऱ्याच्या तारेत पावती अडकवली: नाव, पत्ता, 'कोंबडी एक, पाय दुरुस्ती'. हात थांबेचना. 'डिलिव्हरी मंगळवारी.'

फौजदारांनी पावती दोनदा वाचली. "पावती देणारा चोर पहिल्यांदाच बघतोय."

"चोरी कसली? सगळ्यांदेखत उचललीय," काकू म्हणाल्या.

"साहेब, लेखी कबूल केलंय," कारखान्याचा मॅनेजर म्हणाला. "मंगळवारी माल परत!"

ठाण्यात कोंबडी कुणालाच नको होती, त्यामुळे मंगळवारपर्यंत ती काकूंकडेच राहिली. आत घुसल्याचा खटला सगळ्यांवर झाला तो वेगळाच. कोर्टाच्या त्या तारखांना काकू कधी उशीर करत नाहीत.

"मावशी, काय करून बसलीस!" भाची कळवळली. "अंडी देत नाही ती. परत गेली की मारतील."

काकूंनी तोंडातली टाचणी काढून ठेवली. असं त्या सहसा करत नसत.

मंगळवारी मॅनेजर पावती घेऊन हजर. कोंबडी कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसलेली, पायाला अस्तराची पट्टी.

"झालं का काम?"

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. तीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवलेलं वाक्य आपसूक तोंडात आलं. "थोडंच राहिलंय हो. पुढच्या मंगळवारी या."

असे पाच मंगळवार गेले. सहाव्याला कोंबडी टुणकन खाली उतरली आणि दोन्ही पायांवर चालत थेट त्याच्या बुटापाशी आली. काकूंचा चेहरा पडला. आता काय सांगणार, कपाळ?

मॅनेजरने वाकून तिचा पाय नीट पाहिला. मग त्याने पावती टेबलावर सरकवली.

"अजून जरा लंगडतेय," तो म्हणाला. "पुढच्या मंगळवारी बघू."

कोंबडी मुळीच लंगडत नव्हती. काकूंनी जुनी तारीख खोडून नवीन घातली.